ड्रिपरचं डिझाइन आणि जळालेली डीपी

ठिबकची जुनी नळी बांधावर पडून असेल, तर तिच्यातला एक ड्रिपर ब्लेडने उभा कापून बघा. नळीच्या आतल्या अंगाला प्लास्टिकचा एक छोटा तुकडा चिकटवलेला सापडेल आणि त्यावर कोरलेली दातेरी, वेडीवाकडी वाट दिसेल. नळीतलं पाणी या वाटेत शिरतं, डावी-उजवीकडे आपटत पुढे सरकतं आणि शेवटी थेंब होऊन बाहेर पडतं. जळगाव जिल्ह्यात रावेर-यावलकडे केळीच्या एका एकरात असे हजारो तुकडे जमिनीवर पसरलेले असतात. एकाची किंमत चहाच्या कपाएवढीही नसते, म्हणून त्याच्याकडे कोणी निरखून बघत नाही.

नळीला सरळ एक भोक पाडलं असतं तर काय बिघडलं असतं?

हिशोब करून बघू. ठिबकच्या नळीत साधारण एक किलो प्रेशर असतं, म्हणजे दहा मीटर उंच टाकीतून पाणी सोडल्यासारखा जोर. एवढ्या जोरावर तासाला फक्त ४ लिटर पाणी सोडायचं असेल, तर भोक अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही बारीक ठेवावं लागतं. त्यातून थेंब पडत नाहीत, चिळकांडी उडते. शिवाय विहिरीच्या पाण्यातला वाळूचा एखादा कण आला की भोक बंद. भोक मोठं केलं तर अडकणार नाही, पण मग पाणी धो धो जाईल आणि पहिल्या काही झाडांनीच सगळं पिऊन टाकलेलं असेल. बारीक भोक तुंबतं, मोठं भोक सांडतं, आणि या दोन्हींच्या मधे सोय लागेल असा आकारच नाही.

इस्रायलचे जल-अभियंता सिमचा ब्लास यांनी ही कोंडी फोडली. भोक किती मोठं असावं हा प्रश्न त्यांनी बाजूला ठेवला आणि जोर मोडायचा कशाने, असा प्रश्न घेतला. वाट रुंद ठेवायची पण लांब करायची. पाणी घासत घासत जाईल आणि तोंडाशी येईपर्यंत त्याचा जोर संपलेला असेल. १९६५ मध्ये हात्सेरिम या सामुदायिक शेतीवस्तीबरोबर करार झाला आणि नेटाफिम कंपनी उभी राहिली. पुढे लांब वाटेची जागा दातेरी वाटेने घेतली, कारण दात्यांवर आपटून पाण्यात भोवरे झाले की थोड्या लांबीतच जोर मोडतो. आपल्याकडे १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात भवरलाल जैन यांनी जळगावात ठिबकचा धंदा सुरू केला आणि बघता बघता जळगाव आणि ठिबक ही नावं जोडीने घेतली जाऊ लागली.

गरज ओळखा, अटी लिहून काढा, पर्याय मांडा, नमुना बनवा, तपासा, दुरुस्त करा: अभियांत्रिकी डिझाइनच्या या पायऱ्या पहिल्या वर्षाच्या पुस्तकात असतात आणि परीक्षेत पाच मार्कांना येतात. चुकीचं त्यात काही नाही. फक्त अर्धं काम पहिल्याच ओळीत दडलेलं असतं, ते पुस्तकात दिसत नाही. गरज कोणाची, आणि ती नेमक्या कोणत्या शब्दांत मांडायची? ब्लास यांनी प्रश्न बदलला आणि उत्तर सापडलं. पण प्रश्न मांडताना आपण एक कुंपणही घालत असतो. कुंपणाच्या आत जे आलं त्याची काळजी डिझाइन घेतं. बाहेर राहिलं त्याचं ओझं कोणाच्या तरी डोक्यावर जातंच. खान्देशात पाण्याच्या बाबतीत हे कुंपण गेल्या तीन-चारशे वर्षांत वेगवेगळ्या ठिकाणी घातलं गेलं आहे. तंत्रज्ञानाचा समाजावर काय परिणाम होतो हे समजून घ्यायला, माझ्या मते, तेवढं एक बघितलं तरी पुष्कळ आहे.

पाच एकर, पाच एचपी, आठ तास

ड्रिपर कारखान्यात बनतो, पण ठिबकचा संच शेतात डिझाइन होतो. बहुतेकदा दुकानात, वहीच्या मागच्या पानावर.

केळी पाच बाय पाच फुटांवर लावली तर एकरात साधारण १,७४० झाडं बसतात. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सुमाराच्या उन्हात एका झाडाला दिवसाला २० लिटर धरू. म्हणजे एकराला रोज ३५,००० लिटरच्या आसपास. झाडाला ४ लिटरचे दोन ड्रिपर दिले तर हे पाणी अडीच तासांत पडतं, पण त्यासाठी त्या एकराला तासाला १४,००० लिटर पाणी लागतं.

आता मोटर. पाणी दोनशे फुटांवर असेल, वर फिल्टर आणि नळ्यांसाठी लागणारं प्रेशर धरलं, तर पाच एचपीची मोटर तासाला नऊ-दहा हजार लिटर देते. म्हणजे एक एकरही एका वेळी चालत नाही. म्हणून वावराचे भाग पाडायचे, प्रत्येक भागाला व्हॉल्व्ह बसवायचा, एक झाला की दुसरा उघडायचा. पाच एकरांना मिळून रोज पावणेदोन लाख लिटर लागेल आणि मोटरीला त्यासाठी अठरा तास चालावं लागेल. थ्री-फेज लाईट मिळते आठ तास, रात्रपाळी असली तर थोडी जास्त. आठ तासांत भिजतात जेमतेम सव्वादोन एकर.

विहिरीत पाणी आहे, मोटर ठीक आहे, ड्रिपर उत्तम आहे, आणि तरी बाग तहानलेली. अडचण लाईटच्या तासांची आहे. मग कोणी एक दिवसाआड पाणी देतो, कोणी केळी तीनच एकर ठेवतो, कोणी शेततळं करून रात्रीचं पाणी साठवतो आणि दिवसा पुन्हा उपसतो. अटी कागदावर उतरवल्याशिवाय खरी अट कोणती ते कळत नाही, हे इथे दिसतं. पाणी कमी पडतंय असं समजून दुसरी बोअर मारणारे पुष्कळ भेटतात.

नळीच्या जाडीचं असंच आहे. झाडांच्या ओळीतून जाणारी नळी, म्हणजे लॅटरल, १६ एमएमऐवजी १२ एमएमची घेतली तर पैसे वाचतात. पण तेवढंच पाणी त्या बारीक नळीतून लोटताना घर्षणात जाणारं प्रेशर चौपट किंवा त्याहून जास्त होतं, कारण व्यास घटला की हे नुकसान त्याच्या जवळजवळ पाचव्या घाताने वाढतं. लांब ओळीला बारीक नळी घातली की पहिल्या झाडाला धो धो आणि शेवटच्याला थेंब थेंब. दुकानदाराला मग हमखास ऐकावं लागतं, ‘दादा, पानी शेवटलगून जास नही.’ ड्रिपर बदलून हे सुटत नाही.

फिल्टरबद्दल लोकांना एक गोष्ट पटत नाही. ड्रिपरची वाट एक मिलिमीटरच्या आसपास असते, मग फिल्टर त्याच्या सात-आठपट बारीक जाळीचा कशाला? कण एकेकटा आला तर निघून जातो, घोळक्याने आला तर कमान धरून अडकतो. सारंगखेड्याच्या यात्रेत दरवाजातून एक माणूस सहज आत जातो, पण सात-आठ जण एकदम रेटले की कोणीच आत जात नाही, तसं. म्हणून १२० मेशची, म्हणजे एका इंचात १२० घरं असलेली जाळी. वाळू येत असेल तर तिच्याआधी हायड्रोसायक्लोन, म्हणजे पाणी गरगर फिरवून वाळू बाजूला काढणारं भांडं; शेवाळ येत असेल तर वाळूचा फिल्टर. जड पाण्यातला चुना मात्र कुठल्याच जाळीत सापडत नाही, कारण तो पाण्यात विरघळून येतो आणि ड्रिपरच्या तोंडाशी पाणी सुकलं की तिथे जमतो. त्याला अधूनमधून ॲसिडच लागतं.

आणि तपासणी. ती जवळजवळ कोणी करत नाही. खर्च शून्य आहे: सारख्या मापाच्या बाटल्या घ्या, ओळीच्या सुरुवातीला, मधे आणि टोकाला ड्रिपरखाली ठेवा, पंधरा मिनिटांनी पाणी मोजा. सगळ्यात कमी भरलेल्या पाव हिश्शाच्या बाटल्यांची सरासरी काढा आणि तिला एकूण सरासरीने भागा. ०.९ च्या पुढे आलं तर संच चांगला, ०.७ च्या खाली आलं तर तुम्ही टोकाच्या झाडांसाठी पहिल्या झाडांना बुडवताय. संच बसवून झाला की अनुदानाच्या फाईलसाठी फोटो निघतो. बाटल्या ठेवून केलेलं मोजमाप त्या फोटोइतकंच सक्तीचं असायला हवं होतं.

इथपर्यंतचं कुंपण एका शेतकऱ्याच्या बांधापर्यंत आहे. त्याच्या आत ठिबक हे फार उत्तम डिझाइन आहे, यात मला शंका नाही. मुळाशी वाफसा राहतो, खत पाण्यातून देता येतं, दोन ओळींमधली जागा कोरडी राहिल्याने तण कमी उगवतं. कडाक्याच्या थंडीत मध्यरात्री फावडं घेऊन वाफ्यावाफ्याने पाणी भरायला जावं लागत नाही. सातपुड्याच्या पायथ्याला, जिथे बिबट्या हा नुसता बातमीतला विषय नाही, तिथे या एका गोष्टीची किंमत पैशांत मोजता येणार नाही. कुंपणाच्या बाहेर मात्र त्याच गोष्टींचा अर्थ बदलतो. तण कमी झालं म्हणजे निंदणीला जाणाऱ्या बायांचे मजुरीचे दिवस कमी झाले. पाण्यातून खत आलं म्हणजे कुठलं खत, कधी, किती, हे विचारायला कृषी केंद्राच्या काउंटरवर जाणं आलं, आणि तिथे सल्ला देणाराच माल विकणारा असतो. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला पाणी भरण्यातलं जे कळत होतं, ते बिनकामाचं ठरलं.

मोटर माझी, डीपी सगळ्यांची

लाईट रात्री दीडला येणार, पण नक्की येईल की नाही सांगता येत नाही. उठून मोटर चालू करायला जायचं कोणी? यावर निघालेला तोडगा म्हणजे ऑटो स्विच. स्टार्टरच्या पेटीत एक छोटं यंत्र बसवायचं, लाईट आली की मोटर आपोआप चालू. घरमालक झोपलेला. एका शेतकऱ्यापुरतं बघितलं तर यापेक्षा स्वस्त आणि नेमकं उत्तर सापडणार नाही.

आता तोच ऑटो त्या डीपीवरच्या, म्हणजे गावच्या मोटरींना वीज देणाऱ्या ट्रान्सफॉर्मरवरच्या, प्रत्येकाने बसवला असं समजा. ६३ केव्हीए क्षमतेच्या डीपीवर पाच एचपीच्या दहा-अकरा मोटरी व्यवस्थित चालतात. प्रत्यक्षात जोडण्या जास्त असतात, पण पूर्वी सगळ्या मोटरी एकाच वेळी कधी चालत नसत. कोणी उशिरा उठायचा, कोणी दुसऱ्या गावाला गेलेला असायचा, कोणाचं भिजून झालेलं असायचं. माणसांच्या या अनियमितपणावर डीपी तग धरून होती. ऑटोने तो अनियमितपणाच काढून टाकला. लाईट येताक्षणी सगळ्या मोटरी एकदम उठतात. सुरू होताना मोटर नेहमीच्या कित्येक पट करंट खेचते. सगळ्यांनी एकदम खेचला की व्होल्टेज बसतं; व्होल्टेज बसलं की मोटरी पूर्ण वेग धरत नाहीत आणि वेग न धरलेली मोटर आणखी करंट खेचते. फ्यूज उडतो, नाहीतर कॉइल जळते. मग आठ-दहा दिवस सगळ्यांचीच केळी वाळते. ज्याने ऑटो बसवलेला नव्हता त्याचीसुद्धा.

यात दोषी कोणी नाही. प्रत्येकाने आपापल्या अडचणीवर शहाणपणाचं उत्तर शोधलं, आणि अकरा शहाणपणांची बेरीज मूर्खपणात झाली. तंत्रज्ञानाचे समाजावर होणारे परिणाम म्हटलं की लोक मोबाइलच्या नादी लागलेल्या पोरांबद्दल बोलतात. मला विचाराल तर जळालेली डीपी हे त्याहून स्वच्छ उदाहरण आहे, कारण इथे यंत्र बिघडलेलं नाही. ते सांगितलं तसंच वागलं.

याच पेटीत बसवायची दुसरी वस्तू म्हणजे कपॅसिटर. तो बसवला की मोटर तेच काम सुमारे पंधरा टक्के कमी करंटमध्ये करते, म्हणजे डीपीवरचा भार हलका होतो आणि टोकाच्या मोटरीला व्होल्टेज मिळतं. वीज कंपनी वर्षानुवर्षं सांगते, ऑटो काढा, कपॅसिटर बसवा. शेतात बघाल तर ऑटो सगळीकडे आणि कपॅसिटर क्वचित. ऑटोचा खर्च माझा, फायदा माझा, तोटा सगळ्यांचा. कपॅसिटरचा खर्च माझा, फायदा सगळ्यांचा. त्यातून बिल एचपीवर ठरत असेल, किंवा राज्याच्या २०२४ च्या योजनेप्रमाणे साडेसात एचपीपर्यंत माफच असेल, तर करंट वाचवून माझ्या हाती काय लागणार? नुसतं प्रबोधन करून हे बदलणार नाही, कारण मुळातली वाटणीच तशी आहे.

यावर इंजिनिअरचं उत्तर काय असू शकतं? ऑटोमध्ये उशिराचा टायमर असतो. लाईट आल्यावर एकाची मोटर एका मिनिटाने, दुसऱ्याची तीन मिनिटांनी, तिसऱ्याची पाच मिनिटांनी अशी लावून घेतली तर सुरुवातीचा धक्का विभागला जातो. पण एकूण मोटरीच जास्त असतील तर टायमरने भागणार नाही. अर्ध्यांनी आज, अर्ध्यांनी उद्या, अशी पाळी लावावी लागेल. आणि पाळी लावायची म्हणजे एका डीपीवरच्या माणसांनी एकत्र बसायला हवं. हे काम यंत्राकडून होत नाही.

फड

एकत्र बसण्याची ही गोष्ट खान्देशाला नवी नाही. धुळे जिल्ह्यात पांझरेच्या काठाने, साक्री तालुक्यात पिंपळनेर-सामोड्याच्या बाजूला, आणि पलीकडे नाशिक जिल्ह्यात मोसम-आरमच्या खोऱ्यांत, फड पद्धत तीनशेहून अधिक वर्षं चालली. नदीत दगडी बंधारा घालायचा, पाणी अडवून एका अंगाने कालव्यात वळवायचं, तिथून चाऱ्यांत, चाऱ्यांतून सारंगांत आणि सारंगातून वावरात. पंप नाही, सगळं उतारावर. जास्तीचं पाणी सांडमातून परत नदीला. इथवर बांधकाम झालं, आणि ते चांगलंच आहे. पण खरं डिझाइन त्याच्या पुढे आहे.

बंधाऱ्याखाली भिजणाऱ्या सगळ्या जमिनीला थळ म्हणतात. थळाचे तीन-चार मोठे भाग पाडायचे, तेच फड. एका फडात एका हंगामाला एकच पीक. एकात ऊस, दुसऱ्यात गहू-हरभरा, तिसऱ्यात आणखी काही, आणि दरवर्षी फेरपालट. शेतकऱ्याची जमीन शक्यतो प्रत्येक फडात थोडी थोडी. आता पाऊस कमी झाला असं धरा. पाणी सगळ्या फडांना पुरणार नाही, म्हणून एक फड कोरडा ठेवायचं ठरतं. त्या फडात प्रत्येकाचा तुकडा आहे, त्यामुळे तूट आपोआप सगळ्यांमध्ये वाटली जाते. वरच्या अंगाचा आणि शेवटच्या अंगाचा हे भांडण उभंच राहत नाही. पाणी सोडायला पाटकरी, पिकाची राखण करायला जागल्या, त्यांच्यावर देखरेखीला हवालदार. त्यांचा मेहनताना लाभधारकांनी द्यायचा आणि कालव्याची साफसफाईही त्यांनीच मिळून करायची.

सगळं पीक एकच असण्यातही हुशारी आहे. उसाशेजारी हरभरा असेल तर उसाचं पाणी झिरपून हरभरा सडतो. एका फडाची तहान एकसारखी असली की पाणी एकदम सोडता येतं, एकदम बंद करता येतं आणि कोणी चोरून जास्त घेतलं तर लगेच दिसतं.

म्हणजे ठिबकने जो प्रश्न घेतला, ‘या झाडाला नेमकं किती पाणी?’, तो फडाने घेतलाच नव्हता. फडाचा प्रश्न होता, ‘पाणी कमी पडलं तर कोणाचं तोडायचं?’ कुंपण बांधाला नव्हतं, थळाला होतं. झाडाच्या पातळीवर फड पाणी उधळतो, हे कबूल केलंच पाहिजे.

जाता जाता एक. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या १८८४ मध्ये मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात लागले आणि अगदी सुरुवातीच्या कामांत त्यांच्याकडे धुळ्याच्या भागात पांझरेखालून पाणी नेणारा पाइपांचा सायफन बांधायचं काम आलं. पुढे दख्खनच्या कालव्यांसाठी त्यांनी जी ब्लॉक पद्धत मांडली, तिच्यात जमिनीचे गट पाडून पिकांची फेरपालट करायची कल्पना होती. फड माहीत असलेल्या माणसाला ती वाचताना परकी वाटत नाही.

फडाचं कौतुक करताना डोळे पाणावून घ्यायचं मात्र कारण नाही. थळात जमीन नसलेल्याला त्यात जागा नव्हती. मला आपल्या तुकड्यात मिरची लावायची आहे, असं म्हणायची सोय नव्हती. नदीला बारमाही नाही तरी बरेच महिने धार हवी, ही तर मूळ अट. विहिरींवर विजेच्या मोटरी आल्यावर ज्याला परवडलं तो आपल्या पाण्याचा, आपल्या पिकाचा मालक झाला. कमिटीच्या बैठकीला त्याने कशाला जावं? वरच्या अंगाला लाटीपाडा, अक्कलपाडा अशी धरणं झाली आणि नदीची धार धरणाच्या आवर्तनावर अवलंबून राहिली. फड कोणी मोडला नाही. ज्या अटींवर तो उभा होता त्या एकेक करून निघून गेल्या.

वाचलेलं पाणी जातं कुठे?

पाट-पाण्याऐवजी ठिबक केलं की पाणी वाचतं, हे वाक्य आपण इतक्यांदा ऐकलं आहे की पुढचा प्रश्न कोणी विचारत नाही. १८६५ मध्ये इंग्लंडचे अर्थशास्त्रज्ञ विल्यम स्टॅन्ले जेव्हन्स यांनी कोळशाबद्दल लिहिताना दाखवलं, की वाफेचं इंजिन काटकसरी झालं म्हणून कोळसा कमी जळत नाही, उलट इंजिन परवडू लागल्याने ती जागोजागी बसतात आणि कोळसा जास्त जळतो. केळीला लावून बघा. दोन एकरांच्या पाण्यात चार एकर निघतात असं कळल्यावर कोणता शेतकरी दोनच एकर ठेवेल? त्याने ठेवावेत तरी का? विहिरीतून उपसा तेवढाच राहतो, कदाचित वाढतो. केळी मात्र दुप्पट होते. शेतकऱ्याचं उत्पन्न वाढलं, तो फायदा खरा आहे. भूजल वाचलं, हा दावा तपासून घ्यावा लागतो.

त्यात आणखी एक पेच आहे, तो थोडा सावकाश समजून घ्या. पाटाने पाणी देताना जे वाया जातं त्यातलं काही उन्हाने उडून जातं. ते कायमचं गेलं. पण बरंचसं मुळांच्या खाली झिरपतं आणि पुन्हा भूजलाला, म्हणजे शेजाऱ्याच्याच विहिरीला मिळतं. माझ्या बांधाच्या हिशोबात ते नुकसान होतं, गावाच्या हिशोबात ते फिरतं पाणी होतं. ठिबकने ते झिरपणं थांबवलं आणि तेवढंच पाणी मी माझ्या नव्या दोन एकरांना दिलं, तर तिथल्या केळीच्या पानांतून ते हवेत गेलं. खोऱ्याच्या हिशोबात वापर वाढला. कुंपण बांधावरून खोऱ्यापर्यंत सरकवलं की बचतीचं गणित असं उलटतं.

तापीच्या उत्तरेला शेकडो फूट गाळाचा थर आहे आणि सातपुड्याच्या पायथ्याला दगडगोट्यांचा पट्टा. सुकी, मोर, अनेर या नद्यांचं पावसाळी पाणी तिथून खाली मुरतं. मुरण्यापेक्षा उपसा जास्त, म्हणून भूजलाच्या पाहणीत रावेर आणि यावल तालुके अतिउपशाच्या यादीत दिसत आले आहेत. ठिबक सर्वाधिक रुजलं तोच हा पट्टा. ठिबकमुळे पाणी खाली गेलं असा याचा अर्थ लावू नका. ठिबक नसतं तर कदाचित बाग आधीच उठली असती. अर्थ एवढाच, की झाडाला किती पाणी या प्रश्नाचं उत्तम उत्तर हे खोऱ्यातून किती पाणी काढायचं याचं उत्तर होऊ शकत नाही. दुसरा प्रश्न कोणी डिझाइनला घातलेलाच नाही. केंद्राच्या योजनेत ठिबकला लहान शेतकऱ्याला ५५ टक्के आणि इतरांना ४५ टक्के अनुदान मिळतं, राज्याची भर वेगळी. त्या बदल्यात विहिरीची पातळी मोजायची अट नाही.

हे सगळं आत्ता लिहायचं कारण म्हणजे सौर पंप. धुळे-नंदुरबारपासून जळगावपर्यंत वावरावावरात पॅनल दिसू लागले आहेत आणि कुंपण कुठे घालायचं हे याच वर्षांत ठरतंय.

एक डिझाइन म्हणजे सुटा सौर पंप. २०२४ च्या ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत शेतकऱ्याने दहा टक्के भरायचे, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याने पाच. दिवसा पाणी, बिल नाही, डीपीचा संबंध नाही, रात्री उठणं नाही. ऑटोची कटकट मुळासकट गेली. पण ऊन आहे तोवर उपसायला काहीच खर्च नाही आणि न उपसलेल्या उन्हाचं दुसरं काही करता येत नाही. अशा पंपाला थांबायचं कारण कोणतं?

दुसरं डिझाइन फीडरच्या, म्हणजे उपकेंद्रातून डीप्यांकडे जाणाऱ्या वीजवाहिनीच्या पातळीवरचं. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत उपकेंद्राजवळ सौर प्रकल्प उभा राहतो आणि त्या फीडरवरच्या सगळ्या मोटरींना दिवसा वीज मिळते. मोटर जुनीच, डीपी जुनीच, आणि सगळ्या मोटरी एकदम उठण्याचा प्रश्नही जुनाच, फक्त रात्रीऐवजी दिवसा.

तिसरं डिझाइन आपल्या शेजारी गुजरातेत, खेडा जिल्ह्यातल्या धुंडी गावी २०१६ पासून चाललं. शेतकऱ्यांनी सौर पंपांची सहकारी मंडळी काढली, पंप ग्रिडला जोडले आणि उरलेली वीज वीज कंपनीला विकली. पॅनल तेच, ऊन तेच. पण तिथे शेतकऱ्यापुढे रोज एक निवड असते: हे युनिट पाण्यावर घालवू, की विकू? केंद्राच्या २०१९ च्या पीएम-कुसुम योजनेतही ग्रिडला जोडलेल्या पंपांचा वेगळा भाग आहे, आणि त्यात उरलेली वीज विकता येते.

आपल्याकडे ज्यांच्या वाट्याला सुटा पंप येणार आहे, त्यांच्यासाठी एक मधला मार्ग आहे. पुरवठादाराला युनिव्हर्सल कंट्रोलर मिळेल का ते विचारा. साध्या कंट्रोलरवर फक्त पंप चालतो. युनिव्हर्सलवर पाणी नको असेल तेव्हा कडबाकुट्टी किंवा पिठाची चक्की चालवता येते. अर्ज भरतानाच विचारा, कारण पॅनल उभे राहिल्यावर कंट्रोलर बदलून मागायला गेलात तर खर्च तुमचाच.